गाडीच्या नोंदणीला पत्ता लागतो, मूळ गाव नाही

दसरा-पाडव्याच्या आधी जालन्यातल्या शोरूममध्ये गर्दी उसळली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "आधार गावाकडचं आहे, गाडी इथं पास होईल का?" विचारणारा कधी एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला आलेला बिहारचा तरुण असतो, कधी बदलीवर आलेला बँकेचा कर्मचारी, कधी बियाणे कंपनीत रुजू झालेली हैदराबादची अधिकारी. महिनाभराच्या सुटीवर दुबईहून आलेला आणि आईवडिलांसाठी गाडी घेऊ पाहणारा भोकरदनचा मुलगाही हेच विचारतो. उत्तर मात्र प्रत्येकाला ऐकीव मिळतं. मग कोणी हजार किलोमीटरवरच्या गावी जाऊन गाडी नोंदवून आणतो, कोणी मेहुण्याच्या नावावर घेतो. पुढे अपघात झाला की कागदावर नाव एकाचं आणि ताबा दुसऱ्याचा, हा घोळ निस्तरता निस्तरता घर मेटाकुटीला येतं. हे टाळता येतं, म्हणूनच त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम ४० मध्ये नोंदणी कुठे करायची हे सांगितलं आहे: मालकाचं राहण्याचं किंवा धंद्याचं ठिकाण जिथे आहे आणि जिथे वाहन सर्वसाधारणपणे ठेवलं जातं, तिथे. तुमचा जन्म कुठला, मातृभाषा कोणती, सातबारा कोणत्या गावचा, याचा त्या कलमात उल्लेख नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर 'राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे' अशी मुभाही त्यात आली. गाडी कुठे उभी राहते आणि तिच्या मालकाला कागद पाठवायचा तर तो कुठे सापडेल, एवढंच कायद्याला हवं आहे.

"तहसीलचा डोमिसाइल दाखला आणा"

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात त्रासदायक गैरसमज. अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे लोकांच्या तोंडचं डोमिसाइल, राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवतं. प्रवेशासाठी, नोकरीसाठी ते लागतं. रिक्षाच्या बॅजसाठीही मागतात. स्वतःच्या वापराची मोटारसायकल किंवा कार नोंदवायला त्याची गरज नाही. काल जालन्यात राहायला आलेला माणूस आज इथे गाडी नोंदवू शकतो, फक्त तो इथे राहतो हे दाखवणारा कागद त्याच्याकडे हवा.

तो कागद कोणता? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ४७ नोंदणीच्या अर्जाबद्दल आहे. नमुना २० मधला अर्ज, विक्रेत्याचा नमुना २१, उत्पादकाचा नमुना २२, विमा आणि पत्त्याचा पुरावा, असा हा गठ्ठा असतो. पत्त्याच्या पुराव्यासाठी हा नियम नियम ४ कडे बोट दाखवतो. तिथल्या यादीत मतदार यादी, आयुर्विमा पॉलिसी, पासपोर्ट, सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कार्यालयाची वेतनचिठ्ठी असे पुरावे आहेत. प्रत्यक्षात आज बहुतेकांचं काम आधारवर होतं. लाइट बिल स्वतःच्याच नावाचं हवं किंवा रेशनकार्ड हवंच, अशी अट कुठेही नाही. वाहन चालवण्याचा परवानाही मालकीच्या नोंदणीसाठी लागत नाही. गाडीची मालकी आणि गाडी चालवणं या कायद्याच्या दोन वेगळ्या बाबी आहेत. ज्या आईने कधी स्टिअरिंग धरलं नाही, तिच्या नावावर कार घेता येते.

नियम ४ मधली एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. यादीतला एकही कागद सबळ कारणाने देता येत नसेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेलं शपथपत्र वयाचा आणि पत्त्याचा पुरावा म्हणून स्वीकारता येतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगारासाठी हा मोठा आधार आहे. मात्र 'स्वीकारता येतं' म्हणजे 'स्वीकारलंच पाहिजे' असं नव्हे. अधिकाऱ्याची खात्री पटायला हवी, म्हणून शपथपत्राला भाडेकरार आणि कारखान्याचं ओळखपत्र जोडलेलं बरं.

भाडेकराराबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. स्टँपवर घरमालकाची सही घेतली की करार झाला, असं आपल्याकडे सर्रास मानतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नव्हे. पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती ही निराळी गोष्ट आहे, ती कराराची जागा घेत नाही. नोंदवलेला करार हाती असेल तर आधारवरचा पत्ता बदलून घेता येतो आणि मग गाडीच काय, गॅस, बँक, पाल्याची शाळा, सगळीकडची वाट सोपी होते. जालन्यात वर्षानुवर्षं राबणाऱ्या कामगाराला हा एक कागद न देणारा घरमालक त्याचं केवढं नुकसान करतो, हे त्याच्या लक्षातही येत नसेल.

"पुण्याची गाडी जालन्यात आणली की नंबर बदलावा लागतो"

नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, त्याला एमएच-२१ ही ओळख आहे. शेजारी छत्रपती संभाजीनगर एमएच-२०, परभणी एमएच-२२, बुलढाणा एमएच-२८. ही अक्षरं आणि आकडे पहिली नोंदणी कुठल्या कार्यालयात झाली एवढंच सांगतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे एकदा झालेली नोंदणी देशभर चालते. राज्यातल्या राज्यात घर बदललं तर नंबर तोच राहतो. कलम ४९ प्रमाणे तीस दिवसांच्या आत नमुना ३३ मध्ये नवा पत्ता कळवायचा असतो, तो तेवढा बहुतेक जण विसरतात. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची संमतीही लागते, ती आधीच मागून ठेवावी.

"परराज्याचा नंबर दिसला की दंड"

मराठवाड्यात हा प्रश्न घरोघरी आहे. मनमाड-सिकंदराबाद मार्गावर असल्याने जालन्याचं हैदराबादशी येणंजाणं निजामाच्या काळापासूनचं. तेलंगणात नोकरी करणारी मुलं टीएस किंवा टीजी नंबरच्या गाड्या घेऊन गावी येतात आणि सुटी संपेपर्यंत घरचे धास्तावलेले असतात. कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात नोंदलेलं वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवलं, तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्याआधी नुसता परराज्याचा नंबर असणं हा गुन्हा नाही.

मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागातल्या ऊसतोड टोळ्यांना हेच उलट दिशेने लागू आहे. दिवाळीच्या सुमारास टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर जाते, मुकादमाची आणि पोरांची एमएच-२१ ची मोटारसायकल सोबत असते. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. बारा महिने होतच नाहीत, त्यामुळे 'इथला नंबर कर' म्हणून कोणी पैसे मागितले तर ते देण्याचं कारण नाही. मालवाहू ट्रकचा परमिट आणि कर हा मात्र वेगळा विषय आहे, तिथे हा नियम ढाल म्हणून पुढे करता येणार नाही.

जो खरोखर कायमचा परतला, त्याने जुन्या राज्याच्या कार्यालयातून नमुना २८ मधलं ना हरकत प्रमाणपत्र आणायचं आणि इथे नमुना २७ मध्ये नव्या क्रमांकासाठी अर्ज करायचा. कलम ४८ मधली एक ओळ ध्यानात ठेवण्यासारखी आहे: ना हरकतीच्या अर्जावर तीस दिवसांत कार्यालयाने काहीच कळवलं नाही, तर ते दिलं गेलं असं कायदा मानतो. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवायची. इथला कर नव्याने भरावा लागतो, जुन्या राज्यातल्या उरलेल्या कराचा परतावा तिथे वेगळा मागावा लागतो.

"बीएच नंबर पैसे भरले की मिळतो"

बीएच म्हणजे 'भारत' मालिका १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. ती बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांसाठी आहे: संरक्षण दल, केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रम, आणि ज्यांची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत आहेत अशा खासगी कंपन्यांचे कर्मचारी. खासगी कर्मचाऱ्याला नमुना ६० मधलं कंपनीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. जालन्यातल्या मोसंबी बागायतदाराला किंवा भुसार व्यापाऱ्याला तो नंबर मिळत नाही, एजंटाने कितीही सांगितलं तरी. यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, चौदा वर्षांनंतर दरवर्षी. पत्ता द्यावा लागतोच.

"परदेशात राहणाऱ्याला इथे गाडी घेता येत नाही"

भारतीय पासपोर्टवर दुबईत, मस्कतमध्ये काम करणारा माणूस भारतीय नागरिकच असतो. त्याचा पासपोर्ट नियम ४ च्या यादीत आहे. आधार नसेल तर वैध भारतीय पासपोर्टवर तो मायदेशी येताच अर्ज करू शकतो, १८२ दिवस थांबण्याची अट २०१९ मध्ये त्याच्यापुरती काढली गेली. तरीही माझं मत असं की गाडी वर्षभर आईवडील वापरणार असतील, तर ती त्यांच्याच नावावर घ्यावी. विमा, पीयूसी, चलन, या प्रत्येक वेळी मालक समुद्रापलीकडे असणं सोयीचं नाही.

ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, त्याच्या धारकाचं थोडं वेगळं आहे. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली जालन्याची लेक आईच्या आजारपणासाठी वर्षभर इथे राहायला आली, तर तिला परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडे नोंद करावी लागत नाही. ही सवलतच आहे, पण या सवलतीमुळे निवासाचा एक सरकारी कागदही तिच्याकडे नसतो. गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावर तिला आधार मिळू शकतं, तोवर शपथपत्राचा मार्ग उरतो. इतर परदेशी नागरिक, समजा कारखान्यात यंत्र बसवायला दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेला अभियंता, यांची नोंद जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालयात होते. तो नोंदीचा कागद, पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या आधारे त्याचा पत्ता सिद्ध होतो. कलम ४० मालक भारतीय असावा असं म्हणत नाही.

आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. परदेशी रहिवाशालाही तो मिळतो. कागदपत्रं तपासणाऱ्या काही जणांचाही इथे गोंधळ होतो, म्हणून हे सांगणं भाग आहे.

आपली माणसं परदेशात जातात तेव्हा त्यांनाही हीच परीक्षा द्यावी लागते, आणि ती बहुधा अधिक कडक असते. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, आणि २०१५ पासून त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्रही लागतं. ती नोंद झाल्याशिवाय गाडीचा कागद पुढे सरकत नाही. अमिरातीत एमिरेट्स आयडीशिवाय रहिवाशाची गाडी नोंदली जात नाही. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्याने वीस दिवसांत आपली परराज्यातली गाडी तिथे नोंदवायची असते. आपल्या बारा महिन्यांशी हे ताडून पाहिलं तर आपला कायदा किती सवड देतो ते कळेल.

"पत्ता कुणाचाही चालतो"

चालत नाही. २०१७ मध्ये केरळातल्या काही नामवंतांच्या महागड्या गाड्या कर वाचवण्यासाठी पुदुच्चेरीच्या पत्त्यावर नोंदल्याचं प्रकरण गाजलं आणि पोलीस तपासापर्यंत गेलं. खोट्या माहितीवर मिळवलेली नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली रद्द करता येते. आपल्याकडे एवढे मोठे व्यवहार नसतात. चुलत्याचा पत्ता, मित्राच्या खोलीचा पत्ता, असं घरगुती चालतं. पण नोंदणीचं स्मार्टकार्ड टपालाने त्याच पत्त्यावर येतं आणि तिथे माणूस भेटला नाही की परत जातं. ई-चलनाचा निरोप नोंदलेल्या मोबाइलवर जातो, तो नंबर एजंटाचा असेल तर थकलेलं चलन गाडी विकतानाच कळतं.

सगळ्यात जड किंमत अपघातात मोजावी लागते. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ठरवलं की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक. गाडी मध्ये कितीही हातांतून विकली गेली असली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून गाव सोडताना गाडी विकली असेल तर 'घेणारा बघून घेईल' म्हणून सोडून देऊ नका. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर चौदा दिवसांत, परराज्यातला व्यवहार असेल तर पंचेचाळीस दिवसांत विकणाऱ्याने स्वतः कळवायचं असतं. त्यासाठीचा नमुना २९ घेणाऱ्याच्या हाती कोरा सही करून देऊ नका, आपण स्वतः दाखल करा आणि पोच घ्या.