फटक्यांनंतरचा आनंद

(लेखांक सातवा)

मागच्या आठवड्यात आपण श्रद्धेपायी छळ का होतो ते पाहिलं. आजचा प्रश्न त्याहून अवघड आहे. छळात आनंद करा, असं पवित्र शास्त्र सांगतं. ते माणसाला जमावं कसं?

प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय काढा. यरुशलेमच्या न्यायसभेने प्रेषितांना फटके मारून सोडलं आणि ते आनंद करत बाहेर पडले. पाठ दुखत होतीच. पण येशूच्या नावासाठी अपमान सोसायला आपण योग्य ठरलो, आपण त्याचे आहोत हे चारचौघांत ठरून गेलं, याचा तो आनंद होता.

आपल्या मुलखातलं उदाहरण नारायण शेषाद्रींचं. या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही स्कॉटिश मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. वडील कोर्टात गेले; मुलगा अज्ञान, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. मिशनऱ्यांकडे जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यावं का, यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. यात त्या बापाच्या जिवाची काय घालमेल झाली असेल! ती विसरून नारायणरावांचं कौतुक करणं मला पटत नाही. श्रद्धेची किंमत कित्येकदा आपल्याबरोबर घरच्यांनाही मोजावी लागते.

नारायणराव पुढे पाळक झाले आणि निजामाच्या राज्यात जालन्याला आले. तिथे त्यांच्याकडे आली ती मुख्यतः मांग आणि महार कुटुंबं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. जातीची पंगत सुटलेला माणूस, ज्यांना कुणी पंगतीला बसवत नव्हतं त्यांच्यात जाऊन राहिला. प्रेषितांचा आनंद मला इथे ओळखू येतो.

मात्र हा उपदेश दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा नसतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. गावात जात तीच, कागदावर हक्क नाही. अशा कुटुंबातल्या पोराला ‘दुःखात आनंद मान’ असं सांगून गप्प बसवणं हा अन्याय आहे.

आनंद करणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री स्तोत्रं गात होते, हे आपण उपासनेत नेहमी ऐकतो. सकाळचा प्रसंग मात्र सहसा सांगितला जात नाही. अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडायचं ठरवलं, तेव्हा पौल अडून बसला: आम्ही रोमी नागरिक, चौकशीवाचून चारचौघांत आम्हाला मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. आणि ते आले.