जुन्नर-मंचरचा नगरकारभार

डिसेंबर २०२५ मध्यें जुन्नर नगरपरिषदेची व मंचर नगरपंचायतीची निवडणूक एकाच वेळीं पार पडली. गुलाल धुतला गेला, ढोल खुंटीस लागले, आणि कोण कोणामुळें पडला ह्याची चर्चाही चहाच्या दुकानांतून पुरेशी झाली. तिच्यांत भर घालण्याची आम्हांस हौस नाहीं. आम्हांस वाचकांपुढें निराळीच गोष्ट मांडावयाची आहे. ही निवडणूक जवळजवळ चार वर्षें उशिरां झाली, आणि ह्या चार वर्षांचा हिशेब मागण्याचें काम अजून शिल्लक आहे.

जुन्नरच्या मागील सभासदांची निवड डिसेंबर २०१६ मधली. त्यांचीं पांच वर्षें २०२२ साल उजाडतां उजाडतां भरलीं. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचा, जी १ जून १९९३ पासून अमलांत आहे तिचा, दंडक असा कीं, नगरपालिकेची मुदत संपण्याच्या आधींच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. दंडक कागदावर राहिला. इतर मागासवर्गांच्या राखीव जागांसंबंधानें सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२१ मध्यें निकाल दिला. त्याप्रमाणें स्वतंत्र आयोग नेमून प्रत्यक्ष माहिती गोळा केल्यावांचून ह्या जागा ठेवतां येईनात. बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्यें आला. परंतु वाद मिटेना, आणि अखेर मे २०२५ मध्यें न्यायालयासच निवडणुका घेण्याविषयीं बजावावें लागलें. मागासवर्गांस नगरसभेंत जागा मिळणें न्याय्यच आहे, ह्याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. परंतु माहिती गोळा करणें हें सरकारचें काम होतें, आणि तें वेळेवर न झाल्याचा दंड मात्र गांवोगांवच्या मतदारांनीं भरला.

ह्या काळांत कारभार प्रशासकाच्या हातीं होता. प्रशासक म्हणजे वाईटच असें आमचें म्हणणें नाहीं. कित्येकदां तो सभासदांपेक्षां नेटकें काम करितो. पण त्यास जाब विचारणारा पुण्यास किंवा मुंबईस बसलेला असतो. गल्लींतलें गटार तुंबलें तर नगरसेवकाच्या दारांत जाऊन हाक मारितां येते, आणि पुढच्या खेपेस त्याचें मत काढून घेतां येतें. प्रशासकाची बदली होते, एवढेंच.

मंचरची गोष्ट आणखी नवलाची आहे. तालुक्याचें नांव आंबेगांव. पण ज्या गांवावरून तें पडलें तें जुनें आंबेगांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवास, आणि बाजारपेठ मंचरास. पुणें-नाशिक रस्त्यानें मंचर वाढवलें, आणि वाढतां वाढतां तें ग्रामपंचायतीच्या अंगरख्यांत मावेनासें झालें. म्हणून नगरपंचायत झाली, हें योग्यच झालें. मात्र तेव्हांपासून पहिल्या निवडणुकीपर्यंत तेथेंही प्रशासकच होता. आतां सतरा नगरसेवक व थेट लोकांच्या मतांनीं निवडलेला नगराध्यक्ष असा कारभार तेथें सुरू होत आहे.

ह्या बदलांत मंचरकरांच्या हातून एक वस्तु निसटली आहे, आणि ती पुष्कळांच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं. ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायतीच्या कायद्याप्रमाणें वर्षांतून किमान चार वेळां गांवचे सर्व मतदार एकत्र बसवून त्यांच्यापुढें जमाखर्च मांडावा लागतो. तेथें शेतमजुरासही उठून सरपंचास विचारितां येतें. नगरपंचायत होतांच हा हक्क मावळतो. राहतो तो फक्त निवडून दिलेल्यांच्या सभेंत श्रोता म्हणून बसण्याचा. शेजारच्या नारायणगांवास, टोमॅटोच्या व्यापारानें तें केवढें तरी फुगलेलें असूनही, ग्रामपंचायतच आहे आणि म्हणून ग्रामसभाही आहे. नारायणगांवकरांनीं ती सांभाळावी. ओस पडलेली ग्रामसभा गेली काय व राहिली काय, कोणास कळत नाहीं. मंचरच्या नव्या मंडळींस आमची सूचना अशी कीं, कायदा सांगत नसला तरी वर्षांतून दोनदां सर्व नगरवासीयांची सभा त्यांनीं आपण होऊन बोलवावी. कायद्यानें तसें करण्यास मनाई केलेली नाहीं.

आतां थोडें व्यापारीमंडळींशीं बोलूं. जुन्नरची नगरपालिका १८६१ सालची. रिपनसाहेबांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. म्हणजे हें शहर त्या बाबतींत पुष्कळांच्या आधीं जागें झालें. त्याहून मागें गेलें तर जुन्नरच्या लेण्यांत एक ब्राह्मी लेख आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद त्यांत आहे. सातवाहनांच्या काळांत आडत्यांचा संघ लोकांस पाणी पुरवीत होता, आणि आजचा आडत्या दुकानापुढचा कचरा शेजाऱ्याच्या दारांत लोटून दिवस साजरा करितो! (सगळेच तसे नाहींत, पण जे आहेत त्यांस हें वाक्य आपल्यालाच उद्देशून आहे हें कळेल.) कचरा ओला व सुका वेगळा करून द्यावा असा नियम २०१६ पासून आहे. तो पाळण्यास नगरसेवकाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

पैशाचेंही असेंच. नाणेघाटांत पूर्वीं जकात घेत असत असें सांगतात, व तेथील दगडी रांजण लोक अजून दाखवितात. नगरपालिकांचीही मुख्य मिळकत पुढें जकातच होती. १९९९ मध्यें ती उठली. व्यापारी सुटले, हें बरें झालें. परंतु तेव्हांपासून लहान शहरें सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसलीं. स्वतःच्या हातचें उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी व पाणीपट्टी. घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनीं नव्यानें होते, व तीवर हरकत घेण्यास मुदत मिळते. ती मुदत आपण झोपेंत घालवितों आणि बिल हातीं पडल्यावर दुकान बंद ठेवण्याची भाषा करितों.

निम्म्या जागा स्त्रियांस राखून आहेत. हा नियम २०११ पासूनचा, आणि आम्हांस पूर्ण मान्य. परंतु पुष्कळ ठिकाणीं सही बाईंची व खुर्ची पतिराजांची असा प्रकार चालतो. निवडून आलेल्या भगिनींनीं सभेस स्वतः जावें, स्वतः बोलावें. आणि अधिकाऱ्यांनीं नवऱ्यास, दिरास किंवा चिरंजीवांस कचेरींत बसूं देऊं नये. पाण्याची वेळ, नळाचा दाब, दवाखान्याची रांग ह्या गोष्टी ज्यांस रोज भोगाव्या लागतात त्यांच्या तोंडूनच त्या सभेपुढें आलेल्या बऱ्या.

शेवटीं कचेरीच्या खिडकीविषयीं. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून लागू आहे. जन्ममृत्यूचा दाखला, मालमत्तेवर नांव लावणें इत्यादि कामें किती दिवसांत झालीं पाहिजेत हें ठरलेलें असून, न झाल्यास अपील करितां येतें. त्या मुदतींचा फलक कचेरींत लोकांस वाचतां येईल अशा उंचीवर लागावा, एवढें काम नव्या सभेनें पहिल्या महिन्यांत करावें. त्यास अनुदान लागत नाहीं. आणि जुन्नरच्या व मंचरच्या अंदाजपत्रकाची एक एक प्रत वाचनालयाच्या मेजावर ठेवावी. तेथें वर्तमानपत्रें वाचावयास येणारीं माणसें ती उघडतील अशी आमची अपेक्षा आहे.