पत्रिका साधी, नोंदणी आधी!

लग्नसराई आली की नाशिकमध्ये समाजबांधवांच्या घरोघरी पत्रिकांचा ढीग पडतो. जाड कागद, सोनेरी छपाई, वर तथागत आणि बाबासाहेबांचे रंगीत छायाचित्र. खाली निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, कार्यवाहक अशी पन्नास नावे. नाव राहिले तर भावकी रुसते. पद चुकले तर कार्यकर्ता रुसतो! लग्न उरकते आणि चार दिवसांनी तीच पत्रिका घंटागाडीत जाते. ज्यांना आपण वंदन करतो, त्यांची छायाचित्रे कचऱ्यात टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

साधा हिशेब करा. २५ रुपयांची एक, अशा ५०० पत्रिका म्हणजे १२,५०० रुपये. वाटपाचे पेट्रोल वेगळेच. त्याऐवजी ५ रुपयांच्या १०० साध्या पत्रिका ५०० रुपयांत होतात. त्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्याव्यात. इतरांना फोन आणि व्हॉट्सॲप पुरे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्या बापाने उरलेले १२,००० रुपये व्याजाने का काढावेत? ते धाकट्या मुलीच्या शिक्षणाला का लागू नयेत?

कायद्याच्या दृष्टीने पत्रिकेला महत्त्व आहे, पण ते सोनेरी शाईला नाही. वधूवरांची पूर्ण नावे, तारीख, वेळ, स्थळ एवढे अचूक असले म्हणजे झाले. राज्याच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणीसाठी ज्ञापन द्यायचे असते. तिथे पत्रिका मागतात. नसेल तर प्रतिज्ञापत्र चालते. पत्रिकेवर हजारो रुपये उधळणारी आपली माणसे नोंदणी मात्र विसरतात. पुढे पोटगीच्या दाव्यात नवरा विवाहच नाकारतो, तेव्हा आपल्याच लेकीला पुराव्यासाठी वणवण करावी लागते.

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली भटजीविना, बडेजावाविना लग्न लावून दाखवले. बाबासाहेबांचा १५ एप्रिल १९४८ चा विवाह दिल्लीत मोजक्या लोकांसमोर, नोंदणी पद्धतीने झाला. १९३५ साली धर्मांतराची घोषणा झाली ती आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात. विधी बदलला, मग बडेजाव का बदलू नये?

प्रत्येक विहार समितीने ठराव करावा: पत्रिका एकपानी, छायाचित्राविना, आणि विवाहविधी संपताच नोंदणीच्या अर्जावर सह्या. एवढे केले तरी घरातला पैसा वाचेल आणि लेकीचा हक्कही.

जयभीम!