सातबाऱ्यावरचं नाव आणि पोटाचा हिशोब

नवागामातून उधना स्टेशन जवळ. तिथली गाडी तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाते. आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घराचं दुसरं टोक या रुळांवर कुठेतरी आहे. कुणाला विचारा, "गावाला शेती आहे का?" उत्तर ठरलेलं: "हो, आहे ना." मग किती, हे विचारलं की मात्र माणूस जरा थांबतो.

आमच्याच घराचं घ्या. आजोबांच्या नावावर साडेचार एकर होती. मुलं तीन, मुली दोन. आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. (केल्या म्हणजे त्यांना करायला सांगितल्या. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) तिघा भावांच्या वाट्याला दीड-दीड एकर, तीही एकसलग नाही: थोडी नाल्याकडे, थोडी रस्त्याकडे. विहीर एक, पाळ्या तीन. सातबारा अजून एकच आहे, त्यावर तिघांची नावं. मधले बांध तोंडी ठरलेले. पप्पा इथे लूमवर, मोठे काका गावी. पप्पांचा वाटा तेच कसतात, निम्म्या बटाईने. आता काका म्हणतात, एकदा काय ते वाटून टाकू, नाहीतर तुझा वाटा मला देऊन टाक. दिवाळीपासून घरात हाच विषय.

आता सांगा, आम्ही अल्पभूधारक शेतकरी आहोत का? माझ्या डोक्यात हा प्रश्न शिरला तो अर्थशास्त्राच्या तासाला, एका शंभर वर्षं जुन्या पाहणीचं नाव ऐकून.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली एका दख्खनी गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाव पिंपळे सौदागर. हो, तेच, आज पिंपरी-चिंचवडमध्ये जिथे बहुमजली इमारतींची रांग आहे ते. मान मूळचे रसायनशास्त्राचे. हिंदुस्थानात आले ते चहाच्या मळ्यांवरच्या संशोधनासाठी. पण पुण्याजवळच्या या पाहणीआधी इंग्लंडमध्ये राउंट्रीने यॉर्क शहरातली गरिबी घरोघर जाऊन मोजली होती, आणि त्याच धर्तीवर मान यांनी एका इंग्रज खेड्याची पाहणी केली होती. तीच सवय त्यांनी पुण्याजवळच्या गावात वापरली.

त्यांनी आधी कागद पाहिले. गावातली सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा, आणि १९१४-१५ मध्ये फक्त ७ एकर. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून जास्त तुकडे झालेले, त्यातले निम्म्याहून अधिक एक एकराच्याही आतले. इथे धारणा आणि तुकडा यांतला फरक लक्षात घ्या. धारणा म्हणजे एका माणसाची एकूण जमीन, तुकडा म्हणजे त्या जमिनीचा वेगळा पडलेला भाग. तलाठ्याच्या कागदांतही साधारण हाच भेद आहे. सातबारा गट किंवा सर्व्हे नंबरचा असतो, आठ-अ खातेदाराचा: त्या गावात त्याची सगळी मिळून किती जमीन ते आठ-अ सांगतो. आपण मात्र घाईत दोन्हींना 'उतारा' म्हणून मोकळे होतो.

पण मान कागदावर थांबले नाहीत, आणि मला आवडलं ते हे. त्यांनी घरं मोजली. १०३ कुटुंबांचं उत्पन्न, खर्च आणि कर्ज पाहून तीन गट केले: नुसत्या जमिनीवर नीट जगू शकणारे, जमीन अधिक बाहेरची मजुरी यांवर जगणारे, आणि दोन्ही करूनही भागत नाही असे. पहिल्या गटात फक्त ८ कुटुंबं. दुसऱ्यात २८. उरलेली ६७ तिसऱ्यात, म्हणजे ६५ टक्के.

लोक म्हणाले, हे गाव पुणे-खडकीच्या फार जवळ, इथलं चित्र सगळीकडचं कसं असेल? मग मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर यांनी शहरापासून दूरचं जातेगाव बुद्रुक घेतलं. तो अभ्यास १९२१ मध्ये आला. तिथे न भागणाऱ्यांचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या घरात निघालं. दूरच्या गावात बाहेरची मजुरी हाताशी नव्हती, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणजे पिंपळे सौदागरला जे काही तरलं होतं त्यात शेतीइतकाच शहराचा हात होता.

यावर बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये लहान धारणांवरच्या लेखात जे लिहिलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुटुंबाचं पोट भरेल ती धारणा 'किफायतशीर', ही मान यांची व्याख्या त्यांना मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, शेत लहान की मोठं हे एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीवर राबायला किती हात, किती भांडवल, किती अवजारं आहेत यावर ठरतं. खरं दुखणं म्हणजे शेतीवर नको इतकी माणसं अडकून पडली आहेत. नुसते तुकडे जोडून ते बरं होणार नाही. उद्योग वाढले पाहिजेत आणि जादा हात तिकडे गेले पाहिजेत.

जादा हात. म्हणजे पप्पाच की.

पुढे सरकारने १९४७ मध्ये मुंबई प्रांतासाठी तुकडेबंदीचा कायदा केला. ठरवून दिलेल्या क्षेत्राहून लहान तुकडा पाडायचा नाही. हेतू चांगला होता. पण भाऊ वाढायचे थांबत नाहीत. मग काय होतं? कागदावर जमीन एक राहते आणि वावरात तीन होतात, आमच्यासारखी. नुसते उतारे गोळा करून पाहणी करणाऱ्याला आमच्याकडे एक शेत दिसेल. बांधावर जाऊन उभं राहिलं तर तीन दिसतील. आणि कसणारा कोण हे विचारलं तर दोन! कृषिगणना हा तिसरा प्रश्न विचारते, ती मालकी न धरता वहिवाट धरते. तिच्या हिशोबाने महाराष्ट्रातली सरासरी धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर राहिली. साधारण साडेदहा एकरांवरून सव्वातीन.

आपल्या सुरतेकडेही अशा पाहण्या झाल्या. तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातल्या अटगाम गावावर मुखत्यार यांचं पुस्तक १९३० चं, ओलपाड तालुक्यावर शुक्ल यांचं १९३७ चं. १९६० च्या दशकात डच अभ्यासक यान ब्रेमन दक्षिण गुजरातेत आले आणि त्यांनी नजर वळवली ती हाळी म्हणजे जमीनदाराकडे पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या शेतमजुरांकडे. जमीन मोजणाऱ्या तक्त्यात, ज्याच्याकडे जमीनच नाही तो येणार कुठून?

असाच घोळ जावा बेटाबद्दलही झाला. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलं की तिथली भातखाचरं वाढत्या माणसांना सामावून घेत राहिली आणि सगळ्यांनी मिळून गरिबी वाटून घेतली. दहाएक वर्षांनी बेंजामिन व्हाइट एका जावानीज गावात राहिले आणि घरातलं कोण किती तास काय करतं हे टिपत बसले. तेव्हा दिसलं की भातशेती हा घराचा एकच भाग. बाकी वेळ बाजार, हस्तव्यवसाय, दुसऱ्याकडची मजुरी. बायका आणि मुलंसुद्धा दिवसभर काही ना काही कमावत होती.

हे सगळं वाचून मी मान यांच्यासारखा आमच्या घराचा कागद करायला बसले. जमेच्या बाजूला पप्पांचा पगार, आईच्या साडीला लेस लावण्याच्या कामाचे पैसे, बटाईतून येणारं जे काही ते. खर्चाच्या बाजूला भाडं, फी, किराणा, आणि "गावी पाठवले". या शेवटच्या ओळीपाशी अडकले. पेरणीच्या वेळी काकांना बियाणं-खतासाठी पप्पा पैसे पाठवतात. तो आमचा खर्च की काकांचं उत्पन्न? काकांकडे कुणी पाहणीवाला गेला तर ते हे पैसे सांगतील का? आणि दिवाळीला गावाहून ज्वारी आणि तूरडाळ येते, तिची किंमत कोणत्या भावाने लावू?

पप्पांना विचारलं. त्यांनी कागद बघितला, हसले, म्हणाले, "वावर शे, पन पोट भरत नई. एवढंच लिही." मी म्हटलं, मग काकांना देऊन का नाही टाकत? त्यावर काही बोलले नाहीत. जरा वेळाने स्वतःच पेन घेऊन जमेच्या बाजूला एक ओळ वाढवली: 'विहीर, तिसरा हिस्सा.' पुढचा आकडा कोराच ठेवला.