श्रेष्ठ नागरिक कोण? : एका वादाची चिकित्सा

देशाचा सर्वश्रेष्ठ नागरिक कोण, हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या आमच्या अभ्यासवर्गांत एप्रिल जवळ आला की निघतोच. उत्तर सर्वांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे वाद असा होत नाही. होतो तो जयजयकार. या जयजयकाराविषयी माझी तक्रार नाही. ज्यांच्या पूर्वजांना दुसऱ्याच्या दारात उभे राहून जोहार घालावा लागला, त्यांनी आपल्या मुक्तिदात्याचा जयजयकार करावा यात गैर काहीच नाही. परंतु उत्तर पाठ असणे वेगळे आणि ते सिद्ध करता येणे वेगळे. आपल्याविषयी अढी नसलेला, पण माहितीही नसलेला शेजारी समोर बसला आणि त्याने साधेपणाने 'का?' असे विचारले, तर आमचा पदवीधर तरुण 'घटनेचे शिल्पकार' आणि पदव्यांची यादी यांपाशी येऊन थांबतो. ही यादी ऐकून शेजाऱ्याला आदर वाटतो, पण त्याच्या स्वतःच्या जगण्याशी तिचा काही संबंध आहे असे त्याला वाटत नाही. माझ्या मते खरा प्रश्न येथेच आहे.

२०१२ साली हा वाद सबंध देशात झाला. ब्रिटनमध्ये बीबीसीने २००२ मध्ये श्रेष्ठ ब्रिटिश माणूस निवडण्याचा उपक्रम केला होता आणि त्यात चर्चिल पहिले आले होते. त्याच धर्तीवर आउटलुक साप्ताहिक, सीएनएन-आयबीएन आणि हिस्टरी वाहिनी यांनी 'द ग्रेटेस्ट इंडियन' ही स्पर्धा घेतली. निवडीचे तीन भाग होते : लोकांची मते, परीक्षकांची मते आणि बाजार-पाहणी करणाऱ्या संस्थेची पाहणी. तिन्हींचा मेळ घालून ऑगस्ट २०१२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जाहीर झाले. दुसरे अब्दुल कलाम, तिसरे वल्लभभाई पटेल, चौथे नेहरू. त्या दिवसांत आमच्या वस्त्यांत मोबाईलवरून मिस्ड कॉल देण्याची धूम होती. म्हाताऱ्या आयाबायासुद्धा नातवाकडे फोन देऊन 'माझं मत लाव' म्हणत होत्या.

निकालानंतर अपेक्षित कुरकुर ऐकू आली. हे संघटित मतदान आहे, हा भावनेचा कौल आहे, वगैरे. इतरांनी आपल्या आवडत्या माणसाला मत दिले तर ते जनमत आणि आम्ही दिले तर ती संघटित कारवाई, हा न्याय आम्हांला नवा नाही. शिवाय परीक्षकांच्या मतांतही बाबासाहेब वरच्याच स्थानी होते, याचा उल्लेख कुरकुर करणाऱ्यांनी फारसा केला नाही. लोकांच्या मतांत नेहरू पहिल्या दहांत तळाला गेले आणि परीक्षकांकडे वर राहिले. वर्ग आणि लोक यांच्यात अंतर कुठे पडते, ते अशा आकड्यांतून दिसते.

आणखी एक गोष्ट मात्र आपल्याकडूनही निसटते. या स्पर्धेत गांधींचे नाव नव्हते. महात्म्यानंतरचा श्रेष्ठ भारतीय कोण, असाच प्रश्न आयोजकांनी मांडला होता. म्हणजे पहिली जागा वादापलीकडची म्हणून राखून ठेवली, आणि उरलेल्या पंगतीत पहिले पान कोणाचे एवढेच लोकांना विचारले. जेथे चिकित्सेला बंदी आहे तेथे श्रेष्ठत्व ठरत नाही, ते गृहीत धरले जाते. पंगतीतले पहिले पान मिळाल्याचा आनंद साजरा करताना पंगत कोणी मांडली हे विचारायला आपण विसरलो.

मतांनी श्रेष्ठत्व सिद्ध होते, असे तर मुळीच मानू नये. पोर्तुगालमध्ये २००७ साली अशाच स्पर्धेत सालाझार पहिला आला. हा हुकूमशहा गोवा सोडायला तयार नव्हता. १९६१ साली भारतीय सैन्य गोव्यात उतरेपर्यंत तेथील लोक त्याच्या राजवटीत होते. उलट कॅनडाच्या लोकांनी २००४ मध्ये टॉमी डग्लस यांना निवडले. सरकारी आरोग्यविम्याची सुरुवात आपल्या प्रांतात करणारा हा मुख्यमंत्री. त्याने कुठले युद्ध जिंकले नव्हते. मत मोजण्याची रीत एकच, पण एका देशाने दरारा मोजला आणि दुसऱ्याने दवाखाना. म्हणून मोजणीआधी माप ठरले पाहिजे.

हे माप बाबासाहेबांनी स्वतःच देऊन ठेवले आहे, आणि आश्चर्य असे की आमच्या वक्तृत्वस्पर्धांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त त्यांनी दिलेले भाषण 'रानडे, गांधी आणि जिना' या नावाने प्रसिद्ध आहे. थोर पुरुष कोणाला म्हणावे याची चर्चा त्यांनी तेथे केली. प्रामाणिकपणा आणि बुद्धिमत्ता असेल तर माणूस नामांकित होईल, पण तेवढ्याने तो थोर ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. थोर माणसामागे सामाजिक हेतूची प्रेरणा लागते. त्याला समाजावर आसूड ओढावा लागतो आणि समाजाची घाणही साफ करावी लागते. सफाई करणाऱ्याची उपमा थोरपणाच्या व्याख्येत वापरणारा विचारवंत या देशात दुसरा झाला असेल असे मला वाटत नाही. ज्या कामामुळे माणसाला अस्पृश्य ठरवले, तेच काम त्यांनी मोठेपणाची कसोटी म्हणून पुण्याच्या सुशिक्षित सभेपुढे ठेवले.

त्याच भाषणात त्यांनी विभूतिपूजेवर टीका केली, आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातल्या भक्तीचा धोका पुन्हा बजावला. यावरून काही विद्वान आम्हांला शिकवतात की, जयंती साजरी करणे हेच आंबेडकरविरोधी आहे. त्यांनी बदलापूरचा इतिहास पाहावा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ च्या मार्चचा. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा ३ मे १९२७ रोजी बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी स्वीकारले होते. मोठ्या माणसाचे स्मरण करायला त्यांचा विरोध नव्हता. स्मरण करताना प्रश्न विचारायची मुभा असावी आणि त्या स्मरणात अस्पृश्यालाही जागा असावी, एवढीच त्यांची अट होती. बदलापूरच्या आजच्या रहिवाशांतल्या कितीजणांना आपल्या गावचा हा दिवस ठाऊक आहे, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

आता 'नागरिक' या शब्दाकडे येऊ. श्रेष्ठ माणूस, श्रेष्ठ नेता, श्रेष्ठ संत असे शब्द आपण सैलपणे वापरतो. नागरिक हा शब्द सैल नाही. नागरिकत्वाला कायद्याचा आधार लागतो, आणि ते दुसऱ्याच्या बरोबरीने असते. एकटा माणूस राजा असू शकतो, एकटा माणूस नागरिक असू शकत नाही. म्हणून श्रेष्ठ नागरिक कोण याचे माप मी असे लावतो : कोणाच्या श्रमामुळे किती माणसे नागरिक झाली?

अंबरनाथच्या कामगाराला हे समजावणे सोपे जाते. आयुध निर्माणी, विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना आणि पुढे औद्योगिक वसाहत यांवर या गावाच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती मांडली, आणि बारमाही कारखान्यांत आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. हे सहा तास मराठा कामगारालाही मिळाले, उत्तर भारतातून आलेल्या भैय्यालाही आणि आमच्या बापालाही.

उल्हासनगरचे उदाहरण याहून मोठे आहे, आणि तेच कमी सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना राहायला दिली. आजही लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे कोनशिला बसवली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. शहर झाले, पण त्या बराकींत राहणारी माणसे कायद्याने कोणत्या देशाची होती? कराची, हैदराबाद, शिकारपूर परके झाले होते आणि भारताची घटना अजून तयार व्हायची होती.

कोनशिलेनंतर दोनच दिवसांनी, १० ऑगस्ट १९४९ रोजी, दिल्लीत घटना समितीपुढे नागरिकत्वाची कलमे मांडायला बाबासाहेब उभे राहिले. या मसुद्याने समितीला जेवढी डोकेदुखी दिली तेवढी क्वचितच दुसऱ्या कलमाने दिली असेल, असे त्यांनी सांगितले. आज ते घटनेचे कलम ६ म्हणून छापलेले असते. पाकिस्तानात गेलेल्या भागातून आलेला माणूस स्वतः, त्याच्या आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेले असावे. तो १९ जुलै १९४८ पूर्वी आला असेल आणि तेव्हापासून येथे राहत असेल तर नागरिक. त्यानंतर आला असेल तर सहा महिने राहून नोंदणी करावी. जन्म, वास्तव्य, तारीख एवढेच विचारले आहे. धर्म विचारलेला नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांनी या चर्चेत हिंदू आणि शीख यांना धर्माच्या आधारावर नागरिकत्व देणारी दुरुस्ती सुचवली होती. बहुजनांच्या शिक्षणासाठी त्यांनी केलेले काम आपण आदराने सांगतो, पण ही दुरुस्ती नाकारली गेली हे योग्यच झाले, असे माझे मत आहे.

हे कलम एकट्या बाबासाहेबांचे, असे मी म्हणणार नाही. मसुदा पुन्हापुन्हा बदलला, अनेकांनी भर घातली, नेहरूंनी सभागृहात त्याचे समर्थन केले. पण ते मांडण्याची आणि निभावून नेण्याची जबाबदारी त्यांची होती. आणि ती पेलणारा माणूस स्वतः फाळणीचा फटका खाल्लेला होता : बंगालमधून घटना समितीवर निवडून आलेल्या बाबासाहेबांची जागा फाळणीत गेली आणि जुलै १९४७ मध्ये त्यांना मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून यावे लागले. तेव्हा कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराला सांगायचे ते हे, की तुझ्या आजोबांना नागरिक म्हणवून घेता आले ते ज्या कलमामुळे, ते सभागृहात मांडणारा माणूस आमच्या वस्तीतल्या पुतळ्याचा आहे. मी हे अनेकदा सांगून पाहिले आहे. पदव्यांच्या यादीपेक्षा याचा परिणाम वेगळा होतो.

सरकारी मोजमापाचा हिशेब येथेच करून टाकू. भारतरत्न सुरू झाले १९५४ साली. पहिल्या तिघांत राजगोपालाचारी होते. नेहरूंना ते १९५५ मध्ये, पंतप्रधान असतानाच मिळाले. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ पर्यंत हयात होते, त्यांना मिळाले १९९० साली. उल्हासनगरची कोनशिला बसवणाऱ्याला पहिल्याच वर्षी आणि तेथल्या माणसांच्या नागरिकत्वाचे कलम मांडणाऱ्याला मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी! (जाता जाता : घटनेचे कलम १८ पदव्या रद्द करते, आणि भारतरत्न नावामागेपुढे पदवीसारखे लावता येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे. आपल्या कमानींवर 'भारतरत्न डॉ.' असे रंगवताना हे ध्यानात घेतलेले बरे. 'बाबासाहेब' ही लोकांनी दिलेली उपाधी कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नाही.) जोतीरावांना 'महात्मा' हे बिरुद ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात भरलेल्या सभेत लोकांनीच दिले. महाराष्ट्र विधानसभेने जोतीराव आणि सावित्रीबाईंना भारतरत्न द्यावे असा ठराव केला तो २०२५ च्या मार्चमध्ये.

या सगळ्या याद्यांत कोण बसत नाही, तेही पाहिले पाहिजे. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना एक पत्र लिहिले. पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना तेथील सरकार भारतात येऊ देत नाही, कारण त्यांचे काम अत्यावश्यक सेवा ठरवले आहे, ही त्यातली तक्रार होती. कराचीचा सिंधी व्यापारी बोटीने मुंबईला येऊन कल्याणच्या छावणीत पोचू शकत होता. त्याचे घर साफ करणाऱ्याला मात्र रोखले जात होते. शहर त्याच्यावाचून एक दिवस चालणार नव्हते, आणि तरीही त्याला आपला देश निवडायचा अधिकार नव्हता. निर्वासितांच्या कथा उल्हासनगरात मी खूप ऐकल्या. त्यांत हा मागे राहिलेला माणूस मला कधी भेटला नाही. आज याच शहराच्या गटारात जो उतरतो, त्याच्यासाठी २०१३ साली कायदा झाला, आणि सफाईकामात मेलेल्याच्या कुटुंबाला तीस लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. १९४३ च्या पुण्याच्या भाषणातले माप लावायचे तर ते येथूनही लावावे लागेल.

यंदाच्या अभ्यासवर्गात मी विद्यार्थ्यांना भाषणे पाठ करायला सांगितलेली नाहीत. घटनेची कलमे ५ ते ११ वाचून या, आणि शक्य झाले तर घटना समितीच्या १० ते १२ ऑगस्ट १९४९ च्या चर्चा कोणत्या ग्रंथालयात मिळतात ते शोधून या, एवढेच सांगितले आहे. कॅम्प चारमधल्या दोन सिंधी मुली येते म्हणाल्या आहेत.