आत्याचा आवाज आणि पंख्याची घरघर

आमच्या घरी एक चित्रफीत आहे, २०११ सालच्या मे महिन्यातली. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडच्या एका लहान गावात माझी आत्या राहायची. ऐंशी ओलांडलेली, पण गळा शाबूत. लहानपणी सुट्टीला गेलो की पहाटे तिच्या जात्याच्या आवाजाने जाग यायची. जात्याबरोबर तिच्या ओव्या असायच्या. त्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या. म्हणून त्या वर्षी मी नवा कोरा हँडीकॅम घेऊन बेळगावहून निघालो. दुकानदाराने झूम किती, मेगापिक्सेल किती, हे सगळे समजावले होते. आवाजाबद्दल त्यानेही काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आत्या जात्यावर बसली. पाहुणा घामाघूम झालाय म्हणून सुनेने पंखा लावला. मी दारापाशी उभा राहून तासभर चित्रण केले. घरी येऊन टीव्हीवर लावले तेव्हा चित्र बघून सगळे खूश झाले. आत्याच्या हातावरचे गोंदण, पिठाची कड, दारातून आलेला उन्हाचा कवडसा सगळे स्वच्छ होते. पण ऐकू काय येत होते, तर पंख्याची घरघर आणि जात्याची घरघर. त्या दोन्हींच्या मागे कुठेतरी आत्या. तीन ओळींतली एक कळायची. पुन्हा जाऊ, असे ठरवले. दिवाळीच्या आधीच आत्या गेली.

त्यानंतर मला एक गोष्ट पक्की समजली. चित्र खराब असले तर माणूस चालवून घेतो, आवाज खराब असला तर उरत काहीच नाही. गेली काही वर्षे मी सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या म्हाताऱ्यांचा आवाज टिपत हिंडतो. ‘साहित्य कुठले घ्यावे?’ हा प्रश्न मला तरुण मुले नेहमी विचारतात. त्यांच्यासाठी, आणि घरी एखादी गाणारी आजी असलेल्या सगळ्यांसाठी, हे चार अनुभव.

आधी चूक नेमकी कुठे झाली ते पाहू. कॅमेऱ्यातला माइक लहान असतो, तो सगळ्या दिशांचे ऐकतो आणि तो असतो कॅमेऱ्यापाशी, म्हणजे बोलणाऱ्यापासून लांब. अंतर दुप्पट झाले की मोकळ्यावर आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. मी आत्यापासून आठ फुटांवर होतो. पंखा मात्र माझ्या डोक्यावर होता. त्यात कॅमेऱ्याची आवाजाची पातळी ‘ऑटो’वर होती. आत्या श्वास घ्यायला थांबली, की यंत्राला वाटायचे आवाज कमी झाला. ते लगेच पातळी वाढवायचे आणि पंखा दुप्पट जोराने गरजायचा. आत्याने पुन्हा तोंड उघडले की पातळी खाली. त्या चित्रफितीत आत्या आणि पंखा आळीपाळीने गातात, असे माझी मुलगी म्हणते. ते खरेच आहे.

म्हणून पहिला नियम असा की माइक तोंडाजवळ न्या. महागडा माइक आठ फुटांवर ठेवण्यापेक्षा स्वस्तातला माइक एका हातावर ठेवलेला बरा. दुसरा नियम, पातळी हाताने लावा. सर्वांत जोरात गायले जाईल तेव्हा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास जावा. शून्याला टेकला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. हल्ली ‘३२ बिट फ्लोट’ पद्धतीची यंत्रे आली आहेत. २०२४ साली आलेले ‘झूम एच-वन एसेन्शियल’ हे त्यातलेच एक लहानसे यंत्र. त्यात पातळी लावण्याची कटकट जवळजवळ उरत नाही. नवख्याने नव्यानेच घ्यायचे असेल तर या पद्धतीचे घ्यावे. पण पंखा कुठल्याच यंत्रात आपोआप बंद होत नाही, तो उठून आपणच बंद करायचा असतो.

पूर्वीच्या लोकांचे हाल आठवले की आपल्याला तक्रारीला जागा नाही. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानातल्या कितीतरी भाषांच्या तबकड्या मुद्रित झाल्या. तिथे बोलणाऱ्यालाच यंत्रापाशी जावे लागे. १९५१ मध्ये स्टेफान कुडेल्स्की याने ‘नाग्रा’ हे खांद्याला अडकवून नेता येईल असे टेप यंत्र काढले. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थच ‘ध्वनिमुद्रण करील’ असा आहे. जगभरचे माहितीपट पुढे कित्येक वर्षे त्यावर झाले. पुढे मिनी-डीव्ही कॅसेटचे कॅमेरे आले. एका कॅसेटवर एक तास, संगणकात उतरवले की सुमारे १३ जीबी. आता तेवढे सगळे खिशातल्या फोनमध्ये आहे. पण खिशात यंत्र आले म्हणून कानात लक्ष आले, असे होत नाही.

ओव्यांच्या बाबतीत मोठे काम आपल्या मराठीत झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांच्या मदतीने त्यातल्या पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले, ते एकशेवीस तासांच्या घरात आहे. २०१७ पासून ‘परी’ या संस्थेने हा ठेवा लोकांसमोर आणायला सुरुवात केली. तो ऐकताना माझ्या ध्यानात आले की जाते बंद करून नुसती बाई गायला बसवणे हा उपाय नव्हे. हात फिरल्याशिवाय पुढची ओवी आठवत नाही, हे कुठलीही म्हातारी सांगेल. जाते हवेच. फक्त त्याने गळ्यावर चढून बसू नये.

आता साहित्याकडे येतो. माझ्या पिशवीत आज काय आहे ते सांगतो.

एक, हातात मावेल असा ध्वनिमुद्रक. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा बघावा. खेड्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि पेन्सिल सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. एकट्या माणसाची मुलाखत आणि ओव्या एवढेच करायचे असेल तर अंगचाच स्टीरिओ माइक असलेला लहान मुद्रक पुरतो. भजनी मंडळ, दशावतार किंवा धनगरी ओव्या अशा ठिकाणी बाहेरचे माइक जोडावे लागतात. तेव्हा ‘झूम एच-फाइव्ह’सारखा, दोन एक्सएलआर जोडण्या आणि ४८ व्होल्टचा पुरवठा असलेला मुद्रक घ्यावा. एक्सएलआरची तार लांब असली तरी तिच्यात विजेच्या वायरीची गुणगुण सहसा शिरत नाही.

दोन, पदराला लावायचा बारीक माइक. याचा फार बोलबाला आहे. मुलाखतीला तो उत्तम, पण आपल्या बायकांच्या बाबतीत त्याची एक गंमत आहे. पदर सळसळतो, डोरले माइकवर आपटते आणि हातवारे करताना बांगड्या वाजतात. तो पदराला न लावता खांद्याजवळ पोलक्याच्या काठाला लावावा, तार चिकटपट्टीने पक्की करावी आणि लावायचे काम घरातल्या बाईलाच सांगावे. जात्यावर मात्र तो नकोच.

तीन, कान झाकणारे हेडफोन. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी वस्तू हीच. आपला कान शहाणा असतो, नको ते तो गाळून टाकतो. माइक काही गाळत नाही. हेडफोन लावला तर फ्रिजची घुरघुर, शेजारचा टीव्ही आणि मागच्या परसातला पंप तेव्हाच ऐकू येतो, घरी गेल्यावर नव्हे.

चार, वाऱ्यासाठी केसाळ टोपी. कणकुंबीच्या माळावर तिच्याशिवाय एक वाक्यही धड येत नाही. फोमचे साधे बोंडूक घरात ठीक, उघड्यावर त्याचा उपयोग नाही.

पाच, चित्रासाठी फोन किंवा लहान कॅमेरा, आणि एक तिपाई. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवावे, नाहीतर ट्यूबलाइट चित्रात लुकलुकते. फोन ‘एअरप्लेन’वर टाकावा. चित्र एका यंत्रात आणि आवाज दुसऱ्यात असेल तर सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवावी. दोन यंत्रांची घड्याळे तासाभरात थोडी पुढे-मागे होतात, त्या दोन टाळ्यांवरून ती जुळवता येतात.

पावसाळ्यात आमच्या भागात या सगळ्याला बुरशीची भीती असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून साहित्य ठेवतो.

आणि पैशांचे? हाताशी जेवढे असतील त्यातले निम्मे आवाजासाठी बाजूला काढा. दुकानात गेल्यावर चित्राची बाजू आपोआप जास्त खाते. म्हणून आधीच काढून ठेवलेले बरे.

हे सगळे घेऊन २०१९ च्या थंडीत मी पुन्हा त्याच गावी गेलो. आत्याची धाकटी जाऊ अजून होती. आत्या आणि ती पन्नास वर्षे एका जात्यावर बसल्या होत्या. मी तिला काकी म्हणतो.

“आता कसलं दळण रे? गिरण आली,” काकी म्हणाली.

“मूठभर नाचणी दळ की. तेवढीच.”

“मूठभर कसली, बसलेच तर पायलीभर होतंय,” म्हणत तिने खुंटा ठोकला.

यावेळी पंखा बंद, फ्रिज बंद. परत चालू करायचा विसरू नये म्हणून माझ्या गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवली. मुद्रक जमिनीवर ठेवला नाही, कारण जात्याची थरथर शेणाच्या जमिनीतूनही यंत्रात शिरते. पाटावर घोंगडी चौपदरी घालून त्यावर छोटी तिपाई ठेवली. उंची काकीच्या हनुवटीएवढी, अंतर दीड फूट, माइकचे तोंड तिच्याकडे आणि पाठ जात्याकडे. ८० हर्ट्झच्या खालचे कापणारे बटण चालू केले. त्याने जात्याचा घुमारा कमी झाला, लय तेवढीच राहिली. फोन कोपऱ्यात तिपाईवर लावून दिला आणि मी काकीच्या मागे भिंतीला टेकून बसलो. समोर कॅमेरा रोखून उभा राहिलेला पुतण्या नसला की बाई जात्याशी बोलते. साहित्य लहान असावे ते खरे तर याच कारणासाठी. पिशवी हलकी होते हा त्यातला वरचा फायदा.

काकी चाळीस मिनिटे गायली. माहेरच्या वाटेच्या, भावाच्या, विठ्ठलाच्या ओव्या. मध्येच एक ओवी अशी आली की तिचा हात थांबला. ती तिच्या सासूवर होती, आणि तिच्यात नाव होते. थोडा वेळ नुसती शांतता मुद्रित झाली. मग काकी म्हणाली, “ही तुझ्याजवळ ठेव. कुणाला ऐकवू नको. तिची लेकरं अजून आहेत.”

ती ओवी मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहे आणि फाइलच्या नावातच ‘ऐकवू नये’ असे लिहिले आहे. तेव्हापासून प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला मी तारीख, गाव, गाणारीचे नाव आणि तिची परवानगी हे सगळे तिच्याच आवाजात घेतो. कागदावरची सही हरवते. अंगठा देताना बाईला भीतीही वाटते. स्वतःच्या तोंडाने ‘हे ऐकवलं तरी चालेल, ते नको’ म्हणताना ती मालकिणीसारखी बोलते.

शेवटी सांभाळण्याचे. मुद्रण ‘वेव्ह’ पद्धतीने करावे, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला साधारण एक जीबी जागा लागते. आजच्या कार्डांच्या मानाने ती काहीच नाही, म्हणून ‘एमपी-थ्री’च्या काटकसरीत पडू नये. त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती काढाव्यात आणि तिसरी दुसऱ्याच कुणाच्या घरी ठेवावी. एक प्रत गाणारीच्या घरच्यांना द्यावी. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर व्हिडिओ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, नाहीतर सगळी मेहनत दाबून चपटी होते.

त्या दिवशी दळण आटोपल्यावर मी काकीच्या कानाला हेडफोन लावला. तिने डोळे मिटून ऐकले. पिठाचे हात तसेच मांडीवर. मग म्हणाली, “हा माझा नव्हे. हा माझ्या आईचा आवाज आहे. तिचा असाच होता.” आणि थोड्या वेळाने, “तुझ्या आत्याचा पण घेतला होतास नव्हे? तो लाव की.”

माझ्या फोनमध्ये ती २०११ ची चित्रफीत होती. ती लावावीशी वाटेना, पण लावली. काकीने फोन कानाशी धरला. पंख्याच्या आणि जात्याच्या घरघरीत मला आठ वर्षांत न कळलेल्या ओळी ती एकेक करून पुऱ्या करत गेली. पन्नास वर्षे एका जात्यावर बसलेल्या बाईला त्या पाठ होत्या. माझा मुद्रक सुदैवाने चालूच होता. आत्याचा आवाज परत आला नाही. तिच्या चौदा ओव्या मात्र जावेच्या तोंडून परत आल्या.

मेची सुट्टी जवळ आली आहे. गावी जाल तेव्हा एवढेच करा. आजी गायला बसली की पंखा बंद करा, फोन तिच्या जवळ ठेवा, आणि तुम्ही थोडे लांब बसा.