मूठमाती

इ.स.पू. 343. अथेन्सच्या न्यायालयात एस्किनीजवर खटला चालू आहे. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाकडे दूत म्हणून गेला आणि लाच खाऊन देश विकून आला, असा आरोप. फिर्यादी डेमॉस्थेनीस, त्या काळचा नामांकित वक्ता. एस्किनीज तरुणपणी नट होता, तोही दुय्यम भूमिका करणारा, आणि डेमॉस्थेनीस नेमकं तिथेच बोट ठेवतो. कारकुनाला तो सॉफोक्लीजच्या ‘अँटिगनी’ नाटकातलं क्रेऑन राजाचं भाषण वाचायला लावतो. देशापेक्षा मित्राला मोठं मानणारा माणूस कवडीमोलाचा, अशा आशयाचं ते भाषण. रंगभूमीवर हे तूच म्हणत होतास, मग वकिलातीवर गेल्यावर कसं विसरलास, असा त्याचा सवाल.

आज क्रेऑन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हुकूमशहा उभा राहतो. आणि इथे नाटकानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी अथेन्सचा सर्वात कडवा लोकशाहीवादी देशभक्तीचा धडा म्हणून त्याचंच भाषण भर कोर्टात वाचून दाखवतो. माणसाचा कायदा विरुद्ध देवाचा कायदा, त्यात माणसाचा चूक आणि देवाचा बरोबर, ही आपल्या ओळखीची वाटणी अथेन्सकरांना इतकी सरळ दिसत नसावी.

नाटक साधारण इ.स.पू. 441 मधलं. गोष्ट थीब्ज नगरीची. इडिपसचे दोन मुलगे सत्तेसाठी भांडले. हद्दपार झालेला पॉलिनायसीज आर्गोसची फौज घेऊन स्वतःच्याच गावावर चालून आला. गाव वाचलं, पण दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मेले. गादीवर आलेल्या मामाने, क्रेऑनने, दवंडी पिटवली: गावासाठी लढलेल्याला मानाने पुरायचं, चालून आलेल्याचं प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघडं टाकायचं. पुरेल त्याला भर गावात दगडांनी ठेचून मारायचं. बहीण अँटिगनी ही दवंडी मोडते. ती क्रेऑनची भाची, शिवाय त्याच्या मुलाची, हेमॉनची, वाग्दत्त वधू.

ज्या डायोनिसस उत्सवात अशी नाटकं व्हायची, तिथे शोकांतिकांआधी युद्धात बाप गमावलेल्या, नगरीने वाढवलेल्या मुलांना चिलखत घालून प्रेक्षकांपुढे मिरवत. हे पाहून बसलेल्या प्रेक्षकाला क्रेऑनचं म्हणणं परकं वाटण्याचं कारण नव्हतं. त्याच्या स्वतःच्या गावातही तसा नियम होताच. फितुरीचा गुन्हा शाबित झालेल्याला अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या प्रदेशाच्या, मातीत जागा नाही, असा अथेन्सचा कायदा. थेमिस्टोक्लीजलाही त्यातून सूट मिळाली नाही. इ.स.पू. 480 मध्ये सॅलमिसच्या समुद्रात इराणी आरमार बुडवणारा हा सेनानी पुढे फितुरीच्या आरोपामुळे पळाला आणि इराणच्या राजाच्या आश्रयाला राहून मॅग्नेशियात वारला. त्याच्या नातेवाइकांचं म्हणणं इतिहासकार थ्युसिडिडीजने नोंदवून ठेवलं आहे: त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थी चोरून मायदेशी आणल्या आणि अथेन्सकरांना पत्ता लागू न देता पुरल्या. म्हणजे अँटिगनीने जे केलं, ते काम अथेन्समधल्या एका बड्या घराण्याने केल्याचं खुद्द ते घराणंच सांगत होतं.

मग क्रेऑनचं चुकलं कुठे? माझ्या मते हद्दीत. अथेन्सचा कायदा फितुराला आपली माती नाकारत होता, पण हद्दीबाहेर नेऊन त्याला पुरायला त्याची आडकाठी नव्हती. क्रेऑन प्रेत बाहेरही जाऊ देत नाही आणि पुरूही देत नाही. ते तिथेच, सगळ्यांच्या नाकाखाली, सडत ठेवतो.

नाकाखाली हे अक्षरशः खरं आहे. नाटकातला पहारेकरी पहिल्यांदा येतो तो रडतखडत. प्रेतावर कोणीतरी माती टाकल्याची बातमी राजाला कोणी सांगायची यावर पहाऱ्यावरच्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि याचं नाव निघालं. आधी तो स्वतःचा बचाव करतो, मग मुद्द्यावर येतो. कुदळीचा घाव नाही, गाडीच्या चाकाची खूण नाही, कुत्र्याने उकरल्याचं चिन्ह नाही. प्रेतावर कोरड्या धुळीचा पातळ थर आहे, बस्स. दोष लागू नये एवढ्यापुरता. दुसऱ्या खेपेला तो सांगतो की आम्ही ती धूळ झाडून काढली आणि दुर्गंधी चुकवायला वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन टेकाडावर बसलो. भर दुपारी वावटळ उठली. ती ओसरली तर मुलगी समोर. पिल्लं गेलेलं घरटं पाहून पक्षीण ओरडावी तशी ती ओरडली, पुन्हा माती टाकली आणि काशाच्या घागरीतून तीनदा तर्पणाची धार सोडली. शोकांतिकेत असा तोंडाळ, जिवाला जपणारा साधा माणूस क्वचित भेटतो. मला तो राजापेक्षा खरा वाटतो.

पकडल्यावर अँटिगनी जे बोलते त्यानेच हे नाटक जगभर गेलं. ही दवंडी झ्यूसने दिलेली नाही आणि देवांचे अलिखित, कधीपासूनचे ते कोणालाच ठाऊक नसलेले नियम मोडण्याचं बळ माणसाच्या हुकमात नाही, असा तिच्या म्हणण्याचा मथितार्थ. पण झ्यूसची शपथ क्रेऑननेही घेतली आहे. प्रेतावर माती टाकणं हे देवांचंच काम असेल का, असं वृद्धांचा कोरस सुचवतो तेव्हा तो खवळतो: देवळं जाळायला आलेल्याची देव काळजी घेतील? म्हणजे देव आपल्याच बाजूचे आहेत, याबद्दल दोघांनाही तिळमात्र शंका नाही.

आणि अँटिगनीही तत्त्वाला सरळ धरून राहत नाही. मरायला जाताना ती म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं. नवरा दुसरा मिळतो, मूलही होतं, पण आईबाप गेल्यावर भाऊ कुठून आणायचा? देवाचा कायदा सगळ्या मृतांना सारखा असेल तर हा हिशेब त्यात कसा बसायचा? जर्मन कवी गटे यांना हा भाग इतका खटकला, की तो सॉफोक्लीजचा नाही असं एखाद्या पंडिताने सिद्ध करावं अशी त्यांची इच्छा होती. पण अ‍ॅरिस्टॉटलने तो खरा मानून वापरला आहे. हिरोडोटसच्या ग्रंथातली एक इराणी बाईही हाच युक्तिवाद करून भावाचा जीव मागते. मला तर हा भाग हवाच वाटतो. घोषणा संपली आणि समोर मरण दिसलं की माणूस असाच चाचपडत बोलतो.

दरम्यान क्रेऑनने स्वतःचाच हुकूम गुपचूप बदललेला असतो. दगडांनी ठेचण्याऐवजी तिला जिवंतपणी गुहेत चिणायचं, सोबत थोडं अन्न ठेवायचं, म्हणजे हत्येचा विटाळ नगरीला लागणार नाही. कायद्यातली ही पळवाट किती ओळखीची आहे! गाव तिच्यासाठी हळहळतंय, असं हेमॉन त्याला सांगून पाहतो. राज्य कसं करायचं हे गावाने मला शिकवायचं का, असं क्रेऑन विचारतो, आणि एका माणसाच्या मालकीचं गाव ते गावच नव्हे, असं मुलगा बापाला सुनावतो. लोकशाहीच्या प्रेक्षकांचे कान इथे नक्की टवकारले असतील.

शेवटी निकाल देतो तो आंधळा द्रष्टा टायरेसियस, आणि तो तत्त्वचर्चा करत नाही. होमातला बळी पेटत नाही, नुसती चरबी वितळून धुमसते, पक्षी एकमेकांना ओरबाडताहेत, कारण त्यांनी आणि कुत्र्यांनी प्रेताचं मांस वेदींपर्यंत आणलं आहे. जिवंत मुलगी जमिनीखाली, मेलेला जमिनीवर. तू दोन्ही उलटं करून ठेवलंस. क्रेऑन नमतो, धावतो, पण आधी प्रेत पुरायला जातो आणि गुहेकडे नंतर. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. मग हेमॉन जातो, त्याच्या मागोमाग क्रेऑनची बायको.

पुढे अथेन्सने हा वाद रंगमंचाबाहेर भोगला. इ.स.पू. 406 मध्ये, ज्या वर्षी सॉफोक्लीज वारला त्याच सुमाराला, आर्जिन्युसीची आरमारी लढाई अथेन्सने जिंकली. पण वादळामुळे बुडणाऱ्यांना वाचवता आलं नाही की प्रेतं उचलता आली नाहीत. खवळलेल्या सभेने आठ सेनापतींना एकाच मतदानात दोषी ठरवलं आणि हाती लागलेल्या सहा जणांना मारलं. असा एकत्र निवाडा बेकायदेशीर आहे म्हणून अडून बसलेल्यांत सॉक्रेटिस होता. जनतेला हवं ते करू द्यायचं नाही म्हणजे काय, असं जमाव ओरडत होता, हे इतिहासकार झेनोफोनने लिहून ठेवलं आहे. या वेळी मेलेल्यांची बाजू घेणारेच कायदा तुडवत होते.

तीनच वर्षांनी, इ.स.पू. 403 मध्ये, जुलमी राजवट उलथून लोकशाही परत आली आणि नगरीने ठराव केला: अधिकाऱ्यांनी अलिखित कायदा कोणत्याही बाबतीत वापरायचा नाही. काय तो लेखी दाखवा. अँटिगनीला त्या अथेन्समध्ये दाद मागणं कठीण गेलं असतं.

अ‍ॅरिस्टॉटलने हा गुंता वकिली पद्धतीने सोडवला. वक्तृत्वावरच्या ग्रंथात तो सांगतो की लेखी कायदा आपल्या विरुद्ध जात असेल तर सर्वांना लागू असलेल्या अलिखित कायद्याचा आधार घ्यावा, आणि दाखला देतो अँटिगनीचा. त्याच प्रकरणात थोडं पुढे लिहितो, की लेखी कायदा आपल्या बाजूने असेल तर पंचांना बजावावं: डॉक्टरपेक्षा शहाणं होण्यात फायदा नसतो, आणि कायद्यापेक्षा शहाणं होऊ पाहणं तर चांगल्या कायद्यांनी मनाईच केलेलं आहे.